मृगाच्या आत वायफायला कडी लावा



राब भाजून झाले, बांध नीट झाले, कौलं चाळून झाली. मृगाच्या आत घराची जी कामं उरकायची असतात ती आपण सगळे उरकतोच. यंदा त्यात एक काम वाढवा, एवढंच मागायला हे आवाहन लिहितो आहे. काम अर्ध्या तासाचं आहे आणि त्याला पैसा लागत नाही. पण पाऊस लागायच्या आत ते व्हायला हवं, आणि का व्हायला हवं ते आधी सांगतो.

पाऊस सुरू झाला की आपल्या डोळखांब पंचक्रोशीत लाइटचं काय होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. चोंढ्याला डोंगराच्या पोटात २५० मेगावॉटचं वीजघर उभं आहे, तरी त्याच्या पायथ्याच्या गावांतली लाइट पहिल्या वाऱ्याला जाते. ती पुन्हा येताना झटका देते आणि भिंतीवरचा वायफायचा डबा, म्हणजे राउटर, अडकून बसतो. मग घरातलं कुणीतरी त्याच्या मागच्या बारीक भोकात काडी घालतं आणि दहा-पंधरा सेकंद दाबून धरतं. त्याला रिसेट म्हणतात. डबा कारखान्यातून निघाला तेव्हा जसा होता तसा होतो आणि तुम्ही घातलेला पासवर्ड पुसला जातो. इंटरनेट तरीही चालत नाही म्हणून केबलवाल्याचा मुलगा येतो, भिजत येतो बिचारा, पाच मिनिटांत जोडून देतो आणि जाताना त्याच्या सवयीचा पासवर्ड घालून जातो. तोच त्याने शेजारच्या वाडीतही घातलेला असतो. बहुतेक घरांत तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत तसाच राहतो.

गेल्या पावसाळ्यानंतर मी ओळखीतल्यांच्या घरी राउटर नीट करायला जात होतो, तेव्हा दुसरा प्रकारही पुन्हा पुन्हा पाहिला. घरमालकाचा मोबाइल नंबर हाच वायफायचा पासवर्ड, आणि वायफायचं नाव म्हणजे घरमालकाचं आडनाव. तो नंबर दुकानाच्या पाटीवर आहे, लग्नपत्रिकेवर आहे, बचत गटाच्या वहीत आहे. दाराला कुलूप लावून किल्ली त्याच दारावरच्या खिळ्याला टांगावी, तसं हे आहे. माझ्या स्वतःच्या घरीही दोन वर्षं असंच होतं. एके रात्री राउटरच्या पानावर जोडलेल्या फोनांची यादी उघडली. घरात फोन चार, यादीत नावं अकरा. वरचे सात फोन परक्यांचे नव्हते. रात्री मंदिराच्या ओट्यावर बसून क्रिकेट पाहणाऱ्या आमच्याच पोरांचे होते. पण मला ते दोन वर्षं कळलं नव्हतं, आणि आठवा फोन कुणाचा असता तर तेही मला कळलं नसतं.

“बघेनात का क्रिकेट, आपलं काय जातं?” असं तुम्ही म्हणाल. दारात आलेल्याला पाणी दिल्याशिवाय न पाठवणारी माणसं आपण. म्हणून आपल्याच ठाणे जिल्ह्यात घडलेली गोष्ट सांगतो.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीचा ईमेल गेला होता. तो कुठून गेला याचा तपास दहशतवादविरोधी पथकाने केला आणि पथक पोचलं नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका इमारतीतल्या घरात. तिथे एक अमेरिकन गृहस्थ कुटुंबासह राहत होते. ईमेल त्यांच्या घरच्या इंटरनेटवरून गेला होता. संगणक ताब्यात घेतले गेले, दिवसचे दिवस चौकशी झाली, नाव आणि छायाचित्र देशभर झळकलं. शेवटी निघालं एवढंच, की त्यांचं वायफाय नीट सुरक्षित केलेलं नव्हतं आणि दुसऱ्याच कुणीतरी ते वापरलं होतं. त्याच टोळीचा पुढचा ईमेल २३ ऑगस्टला माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वायफायवरून गेला. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, त्या वेळचा ईमेल चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेला. तिन्ही ठिकाणची माणसं निर्दोष होती आणि तिन्ही ठिकाणी पोलीस आधी त्यांच्याच दारात गेले. २००९ च्या जानेवारीत मुंबई पोलिसांची पथकं उघडी वायफाय शोधत रस्त्यावर उतरली आणि फेब्रुवारीत दूरसंचार खात्याने वायफाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना काढल्या. या गोष्टीला १७ वर्षं उलटून गेली. सानपाड्यात तेव्हा जे होतं, ते आज आपल्या पाड्यांत येऊन पोचलं आहे, फक्त त्या सूचना सोबत आलेल्या नाहीत.

पोलीस त्यांच्याच दारात का गेले, हे समजून घ्या, कारण सगळी मेख तिथे आहे. तुमच्या घरातून जे काही इंटरनेटवर बाहेर पडतं, त्याच्यावर एक आकडी पत्ता चिकटलेला असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. तो पत्ता कोणत्या वेळी कोणत्या ग्राहकाकडे होता, याची नोंद इंटरनेट देणाऱ्या कंपनीला किमान दोन वर्षं ठेवावी लागते. आणि ग्राहक म्हणजे ज्याच्या आधारकार्डावर जोडणी घेतली तो. आपल्याकडे ती बहुतेक वेळा आजोबांच्या नाहीतर आईच्या नावावर असते, कारण त्यांची कागदपत्रं हाताशी होती. पुढे तीन घरं मिळून महिन्याचं बिल वाटून घेतात, वायर एका घरात, पासवर्ड तिघांकडे, तिघांकडून आणखी दहांकडे. उद्या त्यातल्या कुणीही, किंवा रस्त्यात गाडी उभी करून बसलेल्या कुणा अनोळखी माणसाने, त्या वायफायवरून कुणाचं बँक खातं लुटलं किंवा एखाद्या मुलीचे फोटो पसरवले, तर कागदावर नाव येणार त्या सत्तर वर्षांच्या आजोबांचं. ते पुढे सुटतीलच. पण शहापूरला हेलपाटे, वकिलाची फी आणि गावातली कुजबुज यातून कुणी सुटत नाही.

तर आता काम सांगतो.

राउटर भिंतीवरून काढा आणि उलटा करा. खाली एक चिकटपट्टी असते. तिच्यावर डब्याचा घरगुती पत्ता लिहिलेला असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा. वायफायला जोडलेल्या फोनवर ब्राउझर उघडून तो पत्ता टाका. नाव आणि पासवर्ड विचारेल, तेही चिकटपट्टीवर असतात. किती तरी डब्यांत दोन्हीकडे ‘अॅडमिन’ हाच शब्द चालतो. हा आत शिरायचा पासवर्ड आहे, वायफायचा नव्हे. दोन्ही वेगळे असतात आणि दोन्ही बदलायचे असतात. लोक दुसरा बदलतात आणि पहिला विसरतात. पण पहिला ज्याच्या हाती, त्याच्या हाती सगळं घर. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या एका किड्याने जगभरातले लाखो राउटर आणि कॅमेरे ताब्यात घेतले. त्यासाठी त्याला कोणतंही कुलूप फोडावं लागलं नाही. त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी होती, तेवढी पुरली. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला याच फौजेच्या जोरावर अमेरिकेतल्या अनेक मोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या गेल्या. ज्यांच्या घरचे डबे त्यात राबत होते त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

पासवर्ड कसा असावा? एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या आणि इंग्रजी अक्षरांत लिहा. विळा, चिंच, पाटी, कोंबडा, अशा जातीचे. हेच चार घेऊ नका, ते आता सगळ्यांनी वाचले. असा पासवर्ड लांब होतो, घरात लक्षात राहतो आणि यंत्राला ओळखायला फार जड जातो. आठवत नसेल तर वहीत लिहा आणि ती वही सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवा. घरातला कागद चोरायला परदेशातला भामटा डोळखांबला येणार नाही.

त्याच पानावर सुरक्षेचा प्रकार दिसेल. तिथे डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ हवं. ‘ओपन’ किंवा ‘डब्ल्यूईपी’ असेल तर आजच बदला. पासवर्डाऐवजी पिनने जोडायची डब्ल्यूपीएस नावाची एक सोय असते, तीही बंद करा. तिचा आठ आकडी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो, म्हणून कोटीभर शक्यता खाली येऊन जेमतेम ११,००० उरतात, आणि एवढ्या एका यंत्राला सहज मोजता येतात. हे दुखणं २०११ मध्येच उघड झालं, तरी ती सोय अजून चालू अवस्थेत विकली जाते. बाहेरून डबा चालवायची सोय, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, बंद करा. फर्मवेअरचं, म्हणजे डब्याच्या आतल्या प्रणालीचं, अपडेट दिसलं तर करून घ्या, पण लाइट स्थिर असलेल्या दिवशी. अपडेट चालू असताना वीज गेली तर डबा कायमचा जाऊ शकतो.

वायफायच्या नावात आडनाव, पाड्याचं नाव, दुकानाचं नाव नको. ते नाव रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक फोनला दिसत असतं.

आणि पाहुण्याला नाही म्हणायची गरज नाही. जवळजवळ प्रत्येक नव्या राउटरमध्ये ‘गेस्ट’ नावाचं वेगळं वायफाय असतं. घरात ओटी आणि माजघर असतं ना, तसंच. आलेला ओटीवर बसतो, चहा घेतो, गप्पा मारतो, माजघरात जात नाही. शेजारची पोरं, पाहुणे, टीव्ही, कॅमेरे सगळे गेस्टवर ठेवा. तुमचे बँकेचे व्यवहार होणारे फोन आतल्या वायफायवर ठेवा. एक लक्षात असू द्या, ओटीवरून बाहेर गेलेल्या गोष्टीवरही पत्ता तुमच्याच घराचा असतो. म्हणून गेस्टचा पासवर्डही ओळखीच्याच माणसाला द्या आणि दर महिन्याला बदला.

कॅमेऱ्यांबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण बाजारपेठेतल्या दुकानांपासून फार्महाऊसपर्यंत ते सगळीकडे लागले आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातली बायकांच्या तपासणीची चित्रफीत इंटरनेटवर विकली जात असल्याचं उघड झालं. ज्यांना अटक झाली त्यांत लातूर आणि सांगलीचे तरुण होते. तपासात निघालं की कॅमेऱ्यांचा कारखान्याचा पासवर्ड कुणी बदललेलाच नव्हता. त्या बायांनी काय चूक केली होती? त्या दवाखान्यात गेल्या होत्या. ज्या दुकानदारांनी, दवाखानेवाल्यांनी, शेतघरवाल्यांनी कॅमेरे लावले आहेत, त्यांना मी हात जोडून सांगतो: पासवर्ड आज बदला, आणि जिथे बाया कपडे बदलतात, न्हातात, तपासून घेतात, तिकडे कॅमेऱ्याचं तोंड असेल तर तो कॅमेरा आज काढा.

फुकट मिळतं ते घरात आणताना चार वेळा विचार करा. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या तपासयंत्रणांनी ‘९११ एस५’ नावाचं जाळं मोडून काढलं. त्यात जगभरातले १ कोटी ९० लाख आयपी पत्ते अडकलेले होते. लोकांनी आपापल्या संगणकावर फुकटचा व्हीपीएन टाकला होता, आपली ओळख लपावी म्हणून. त्या व्हीपीएनच्या मालकाने त्यांचेच घरचे पत्ते गुन्हेगारांना भाड्याने दिले. ओळख लपवायला गेलेल्यांची ओळखच भाड्याने गेली. पुढच्याच वर्षी, जून २०२५ मध्ये, अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स’बद्दल इशारा दिला. त्यात बिननावाचे स्वस्त अँड्रॉइड टीव्ही बॉक्स होते आणि त्यांतल्या अनेकांत कीड कारखान्यातूनच भरलेली होती. तुमच्या टीव्हीमागे असा बिननावाचा डबा असेल, सगळे चॅनल फुकट दाखवणारा, तर तो काढा. तो फुकट नाही, तो तुमच्या आजोबांच्या नावावर चालतो आहे.

इथवर बोललो ते बाहेरच्या चोराबद्दल. आता जे बोलायचं आहे ते मला याहून महत्त्वाचं वाटतं.

वायफाय ज्याच्या हातात, त्याला तुमच्याबद्दल बरंच दिसतं. वेबसाइटचा पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू होत असेल तर तुम्ही आत काय वाचलंत, काय लिहिलंत ते दिसत नाही, पण कोणत्या वेबसाइटवर, किती वाजता, कोणत्या फोनवरून गेलात ते दिसू शकतं. म्हणजे कोणत्या दुकानात शिरलात ते कळतं, काय विकत घेतलंत ते नाही. नवऱ्याच्या मारहाणीने थकलेली एखादी ताई मदत कुठे मिळते ते शोधते आहे. अकरावीतली मुलगी आपल्या आजाराबद्दल वाचते आहे, जो ती घरात बोलू शकत नाही. उचल घेऊन वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबातला मुलगा मुकादमाच्या वायफायवरून वेठबिगारीचा कायदा शोधतो आहे. यांतल्या कुणीही गुन्हा केलेला नाही, तरी त्यांना आडोसा हवा आहे. ‘लपवण्यासारखं काही नाही तर भीती कसली’ असं म्हणणाऱ्याने आपल्या न्हाणीला दार का लावलं आहे, याचा विचार करावा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्यात शहरवाल्यांपुरता असं कुठे लिहिलेलं नाही.

आडोसा कसा करायचा? पहिली पायरी सोपी आहे. अँड्रॉइड ९ पासून पुढच्या फोनांत नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ असतं. कोणत्या वेबसाइटचा पत्ता विचारताय, ही विचारणाच त्याने बंद पाकिटात जाते. क्लाउडफ्लेअर किंवा क्वाड९ यांची ही सेवा विनामूल्य आहे, आणि क्वाड९ तर फसव्या म्हणून माहीत असलेल्या वेबसाइट उघडूच देत नाही. फुकट असूनही ती विश्वासाने का घ्यावी, हा प्रश्न रास्त आहे: क्वाड९ ही स्वित्झर्लंडमधली ना-नफा संस्था आहे आणि तिचं काम जाहिरातींवर चालत नाही. पण वाटेवरच्याला वेबसाइटचं नाव अजूनही दुसऱ्या मार्गाने दिसू शकतं, म्हणून एवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

पैसे देऊन घेतलेला व्हीपीएन त्याच्या पुढे जातो. मग घरच्या वायफायवाल्याला आणि केबलवाल्याला फक्त एक बंद बोगदा दिसतो. पण बोगद्याच्या पलीकडच्या टोकाला व्हीपीएन कंपनी बसलेली असते आणि तुम्ही कुठे कुठे जाता ते सगळं तिला दिसू शकतं. विश्वास एकाकडून काढून दुसऱ्याकडे ठेवला, इतकंच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला, की व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते आणि आयपी पाच वर्षं जपून ठेवावेत. त्यानंतर बऱ्याच परदेशी कंपन्यांनी आपले सर्व्हर भारतातून हलवले. ‘आमच्या व्हीपीएनने तुम्ही संपूर्ण निनावी’ असं कुणी विकत असेल तर तो खोटं बोलतो आहे.

टॉर ब्राउझर वेगळा आहे. तो तुमचं पाकीट तीन अनोळखी हातांतून फिरवतो आणि कुठून आलं, कुठे गेलं ही दोन्ही टोकं एकाही हाताला एकत्र दिसत नाहीत. तो विनामूल्य आहे, आणि भारतात तो वापरण्यावर बंदीचा कायदा नाही. तो हळू चालतो, आपल्या रेंजमध्ये तर फारच हळू. रोजच्या कामाला तो नको. ज्या ताईला, ज्या मजुराला खरंच जिवाची धास्ती आहे, तिच्यासाठी, त्याच्यासाठी आहे. पण टॉरमध्ये जाऊन आपल्याच नावाच्या फेसबुक खात्यात शिरलात तर निनावीपणा तिथेच संपला. निनावीपणा डब्यातून विकत मिळत नाही, तो आपल्या वागण्यात असतो.

भातसा आणि तानसा ही धरणं आपल्या शहापूर तालुक्यात, त्यांचं पाणी मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात आपले पाडे टँकरची वाट पाहतात. पाणी जाताना आपल्याला विचारलं गेलं नव्हतं. आपल्या घरातली माहिती त्याच वाटेने जाऊ द्यायची का, हे ठरवणं अजून आपल्या हातात आहे.

म्हणून प्रत्येकाकडे एक मागणी आहे. केबल आणि फायबर जोडणाऱ्या मुलांनो, तुम्ही आमचेच आहात. प्रत्येक घरी वेगळा पासवर्ड घाला, तो घरच्या माणसाला लिहून द्या आणि स्वतःच्या फोनमध्ये ठेवू नका. सरपंच आणि ग्रामसेवकांनो, ग्रामपंचायतीचं आणि शाळेचं वायफाय कुणाकुणाकडे गेलं आहे ते या आठवड्यात तपासा. बचत गटाच्या तायांनो, पुढच्या बैठकीत हिशेब झाल्यावर दहा मिनिटं या विषयाला द्या. तुमच्या वहीत गटातल्या घराघरांचे आधार आणि खाते क्रमांक आहेत. डेहण्यापासून साकुर्लीपर्यंत आणि पलीकडे मुरबाडच्या टोकावड्यापर्यंत जी मुलं संगणक शिकली आहेत, त्यांनी आपापल्या वाडीत निदान पाच घरं उरकावीत, मोबदला न घेता. अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. मुलांचे दाखले, जातीची प्रमाणपत्रं, आईबापांचे आधार, सगळं या जूनमध्ये याच वायफायवरून जाणार आहे.

कुणाचे पैसे गेलेच, तर लाजून बसू नका. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. पहिल्या तासात सांगितलं तर पैसे अडवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

आज दिवेलागणीला राउटर उलटा करून खालची चिकटपट्टी वाचा. तिच्यावर छापलेला पासवर्ड आणि तुम्ही वापरता तो पासवर्ड एकच असेल, तर जेवायला बसायच्या आधी तो बदला.